बार्टन २५००+ ११०० मेगाहर्ट्झवरच चालतोय, बायोसमध्ये एफएसबी १३२ च्या पुढे सरकत नाही

मधली_आळी

नमस्कार मंडळी. जुन्या गेमांसाठी सॉकेट ए चं (एएमडीच्या जुन्या प्रोसेसरांचं) मशीन जोडतोय. सामान असं:

प्रोसेसर – एएमडी ॲथलॉन एक्सपी २५००+ (बार्टन गाभ्याचा), वरच्या पट्टीवर एएक्सडीए२५००डीकेव्ही४डी
बोर्ड – व्हीआयए केटी४००ए चिपसेट, अवॉर्ड बायोस, मॅन्युअल नाही
रॅम – पीसी२७००, २५६ एमबीच्या दोन काड्या
हार्ड डिस्क – ४० जीबी आयडीई
एसएमपीएस – नवा, ४५० वॅट

चालू करताना ११०० मेगाहर्ट्झ दिसतं. विंडोज एक्सपीत सीपीयू-झेड गुणक ×११ आणि बस १०० सांगतंय. बायोसमध्ये सीपीयू क्लॉकला (म्हणजे एफएसबी, बसचं घड्याळ) १०० ते १३२ एवढेच आकडे घेता येतात. १३२ टाकलं तर विंडोज लोड होताना अडकते. प्रोसेसर गेलेला आहे का बोर्ड?

उत्तरपूल

दोन्ही ठणठणीत असावेत. आधी १३२ वरून १०० वर परत या, बाकीचं नंतर.

गुणक ११ हा प्रोसेसरच्या अंगचा आहे. बोर्डाने फक्त बसचं घड्याळ पुरवायचं. १०० पुरवलं की ११००, १३३ पुरवलं की १४६७, १६६.६६ पुरवलं की १८३३. तुमचा बोर्ड १०० पुरवतोय. डेस्कटॉपच्या ॲथलॉन एक्सपीत वीज वाचवायला आपोआप वेग उतरवण्याची भानगड नाही, त्यामुळे सीपीयू-झेडला ११०० दिसतंय म्हणजे तो खरोखर ११०० वरच चाललाय.

आता १३२ ची अट. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांत बसचे पट्टे असतात: १०० ते १३२, १३३ ते १६५ आणि १६६ पासून पुढे. कुठला पट्टा ते बोर्डावरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) किंवा डिप स्विच ठरवतो, पट्ट्यातला आकडा बायोसमधून निवडायचा. तुमचा जंपर १०० वर बसवलेला आहे. कुणीतरी जुना ड्युरॉन (एएमडीचा स्वस्तातला प्रोसेसर) चालवला असेल किंवा 'मशीन उठत नाही' म्हणून सुरक्षित जागेवर ठेवला असेल.

१३२ वर विंडोज का अडकते ते नीट समजून घ्या, कारण पुढे उपयोगी पडेल. पीसीआयला (कार्डांची बस) ३३.३ आणि एजीपीला (ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट) ६६.६ मेगाहर्ट्झ लागतात आणि हे दोन्ही बसच्या घड्याळाला भागून काढले जातात. १०० च्या पट्ट्यात पीसीआयचा भाजक ३ असतो, १३३ च्या पट्ट्यात ४, १६६ च्या पट्ट्यात ५. तुम्ही १०० च्या पट्ट्यात राहून १३२ टाकलंत, म्हणजे पीसीआय १३२ ÷ ३ = ४४ आणि एजीपी ८८. आयडीई कंट्रोलर पीसीआयच्या तालावर चालतो. ४४ ला तो डिस्कवर काय लिहील याचा भरवसा नाही. आणि एकच आकडा पुढे, १३३ चा पट्टा धरलात तर १३३ ÷ ४ = ३३.२५, सगळं जागच्या जागी. म्हणजे या बोर्डावर १३२ पेक्षा १३३ कितीतरी सुरक्षित आहे.

शर्वरी_न

उत्तरपूल यांच्याशी सहमत. फक्त प्रोसेसर खरंच १६६ चाच आहे ना हे आकड्यावरून पक्कं करून घेऊ, अंदाजावर जंपर हलवायला नको.

एएक्सडीए२५००डीकेव्ही४डी शेवटाकडून वाचा. शेवटचं अक्षर बसचं: बी म्हणजे १००, सी म्हणजे १३३, डी म्हणजे १६६, ई म्हणजे २००. त्याआधी ४ म्हणजे ५१२ केबी एल२ कॅश (३ असेल तर २५६). व्ही म्हणजे गाभ्याचं कमाल तापमान ८५ अंश. के म्हणजे १.६५ व्होल्ट. एल असेल तर १.५०, यू १.६०, एम १.७५. तेव्हा तुमचा १६६ चा बार्टन आहे, शंका नाही. गाभाही बघून कळतो: आधीच्या थरोब्रेड गाभ्यापेक्षा बार्टनचा उघडा चौकोन लांबट असतो.

सुरुवात एएक्सएम ने होत असेल तर ती लॅपटॉपची (मोबाइल) आवृत्ती, तिचं गणित वेगळं. एक्सपी-एम २५००+ चा खरा वेग १४ × १३३ = १८६७ आहे, व्होल्टेज १.४५. डेस्कटॉपच्या बोर्डावर तो भलत्याच कमी गुणकाने उठतो आणि गुणक हाताने द्यावा लागतो. त्याला 'बस चुकलीय' समजून १६६ देऊ नका.

बोर्ड १०० वर अडकलाय की नाही हे चालू होतानाच्या आकड्यावरून ओळखता येतं:

१७००+ (११ × १३३) – हवा १४६७, दिसतो ११००
२०००+ (१२.५ × १३३) – हवा १६६७, दिसतो १२५०
२२००+ (१३.५ × १३३) – हवा १८००, दिसतो १३५०
२४००+ (१५ × १३३) – हवा २०००, दिसतो १५००
२५००+ बार्टन (११ × १६६) – हवा १८३३, दिसतो ११००
२८००+ बार्टन (१२.५ × १६६) – हवा २०८३, दिसतो १२५०
३२००+ (११ × २००) – हवा २२००, दिसतो ११००

२६००+ जपून. तो तीन प्रकारांत आला: १६ × १३३ = २१३३, १२.५ × १६६ = २०८३ आणि बार्टनमध्ये ११.५ × १६६ = १९१७. ३०००+ सुद्धा दोन बसवर आहे, १३ × १६६ आणि १०.५ × २००. नुसत्या '२६००+' वरून बस सांगू नये, पट्टीवरचं शेवटचं अक्षर बघावं.

मधली_आळी

पट्टी पुन्हा भिंगाने वाचली, डी च आहे. पण बोर्डावर जंपर सहा-सात आहेत आणि एक छोटा डिप स्विचही. यातला कोणता?

कथीलवाला

अंदाजाने एकही हलवू नका. त्यात कीबोर्ड-यूएसबीला ५ व्होल्ट की स्टँडबायचे ५ व्होल्ट हे ठरवणारा जंपर असतो (मागच्या पोर्टांजवळ), सीमॉस (बायोसच्या सेटिंग्जची स्मृती) पुसणारा असतो (बॅटरी किंवा साउथब्रिजजवळ) आणि बहुधा ऑडिओचाही असतो. यांचा वेगाशी संबंध नाही.

शोधायचं असं. आधी बोर्डावर पांढऱ्या शाईत छापलेले तक्ते बघा, सॉकेटजवळ किंवा पीसीआय स्लॉटांच्या मध्ये. बहुतेक कंपन्या एफएसबीचा तक्ता छापतातच. टॉर्च तिरका धरा, धुळीखाली तो दिसत नाही. ब्रश मारून घ्या.

तक्ता नसेल तर क्लॉक जनरेटर शोधा. १४.३१८ असं कोरलेला चपटा चकचकीत क्रिस्टल दिसेल, त्याला खेटून दोन्ही बाजूंना बारीक पायांची लांबट आयसी असते. तोच. तिच्यावरचा क्रमांक घेऊन डेटाशीट उतरवा. त्यात एफएस० ते एफएस४ अशा पायांचा तक्ता असतो, कुठला पाय वर आणि कुठला खाली असला की किती मेगाहर्ट्झ निघतात याचा. मग मशीन पूर्ण बंद करून मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि ज्या जंपरची मधली पिन रेझिस्टरमधून त्या पायांकडे जाते तो पकडा. रेझिस्टरमुळे बीप वाजणार नाही, ओहममध्ये मोजा. काही शे ते दहा हजार ओहम आलं तर बरोबर वाटेवर आहात. काहीच जोड दिसत नसेल तर दुसरा जंपर.

पिन १ कुठली? शेजारी छोटा त्रिकोण किंवा जाड रेघ असते. तेही नसेल तर बोर्ड उलटा करा, मागच्या बाजूला पिन १ चं कथील चौकोनी असतं, बाकीच्यांचं गोल.

डिप स्विच बहुधा गुणकाचा असेल. सीपीयू-झेड ×११ दाखवतंय म्हणजे तो ऑटोवर आहे. तसाच राहू द्या.

रिकामटेकडा_४७८

थोडं विषयांतर, पण आजार तोच. पेंटियम ४ २.४ गीगाहर्ट्झ, बोर्डावर १.८ दिसतोय. जंपर नाहीच.

उत्तरपूल

१.८ म्हणजे १८ × १००. म्हणजे तुमचा प्रोसेसर १८ गुणकाचा आहे, १३३ च्या बसचा, आणि बोर्ड १०० देतोय. पेंटियम ४ स्वतःच पिनांवरून बस कोणती ते बोर्डाला सांगतो, म्हणून जंपर नसतो. चिपसेट कुठला आहे बघा. पहिला साधा ८४५ असेल तर तो फक्त १०० (जाहिरातीत ४००) च्या बसचा आहे. तिथे उपाय नाही, कारण गुणकही कुलूपबंद असतो. ८४५ई, ८४५पीई किंवा ८६५ असेल तर बायोसमध्ये कुणीतरी बस हाताने बांधून ठेवलीय, ऑटो करा.

२.४ च्या बाबतीत अक्षर न बघता बोर्ड घेऊ नका. बिनअक्षरी २.४ हा २४ × १००, २.४बी हा १८ × १३३, २.४सी हा १२ × २००. २.४ए प्रेसकॉटही १८ × १३३ आहे, पण त्याला प्रेसकॉट पेलणारा व्होल्टेज रेग्युलेटर लागतो. यापुढे पेंटियमसाठी वेगळा धागा काढा राव, इथे गुंता होईल.

अण्णा_सोलापूर

१६६ कशाला, सरळ २०० टाका की. ११ × २०० = २२००, फुकटात ३२००+. सगळे करायचे.

शर्वरी_न

अण्णा, ते करायचे एनफोर्स२ अल्ट्रा ४०० चिपसेटवर, जिथे पीसीआय-एजीपी बसपासून वेगळे बांधून ठेवता येतात, किंवा केटी६०० वर. केटी४००ए अधिकृतपणे १६६ पर्यंतच आहे. भाजक ५ धरून २०० टाकलं तर पीसीआय ४०, एजीपी ८०. शिवाय रॅम पीसी२७००, ती १६६ ची. इथे प्रश्न बरोबर वेगाचा आहे, जास्त वेगाचा नाही.

अण्णा_सोलापूर

बरं बाई. केटी४००ए वाचलंच नव्हतं नीट.

उत्तरपूल

मधली_आळी, जंपर सापडला असेल तर लगेच १६६ वर उडी मारू नका. ११०० वर निभावून गेलेल्या बऱ्याच गोष्टी १८३३ वर उघड्या पडतात. क्रम असा ठेवा:

१. एसएमपीएसचं मागचं बटण बंद, वायर आणि हार्ड डिस्कची केबल काढा, बोर्डावरचा स्टँडबाय दिवा विझेपर्यंत थांबा. जंपर फक्त याच अवस्थेत हलवायचा.

२. हीटसिंक उघडून पुन्हा बसवा. हा प्रोसेसर १.६५ व्होल्ट, १८३३ वर जास्तीत जास्त ६८.३ वॅट उष्णता काढतो. व्होल्टेज तेच ठेवून ११०० वर हीच उष्णता साधारण ४१ वॅट होते. म्हणजे आत्ता थंड वाटणारा हीटसिंक पुरेसा आहे असं समजू नका.

३. बायोसमध्ये व्होल्टेज, गुणक ऑटो. रॅमचं टायमिंग 'बाय एसपीडी' (काडीवरच्या चिपमधले आकडे). डीरॅम क्लॉक १६६.

४. जंपर आधी १३३ वर. १४६७ दिसायला हवा. बायोस त्याला भलत्याच नावाने हाक मारेल, दुर्लक्ष करा, मॉडेलचं नाव बायोसच लिहितो. मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चा एक पूर्ण फेरा.

५. मग १६६. पुन्हा मेमटेस्ट, आणि त्यानंतरच हार्ड डिस्कची केबल जोडा. डिस्क न जोडता तपासणी केली की डेटा वाचतो.

जंपरच्या तक्त्यात 'ऑटो' असेल तरी चालेल. शेवटच्या एक्सपी प्रोसेसरांत बस सांगणाऱ्या पिना आहेत आणि केटी४००ए च्या पिढीतले बोर्ड त्या सहसा वाचतात. जुन्या बोर्डांना मात्र त्या पिना माहीतच नाहीत, तिथे हाताने द्यावं लागतं.

कथीलवाला

हीटसिंकबद्दल दोन ओळी, कारण सॉकेट ए मध्ये जास्तीत जास्त प्रोसेसर इथेच मरतात.

सॉकेटच्या एका बाजूला खटका असलेला उंच भाग असतो. हीटसिंकच्या बुडाला एका कडेला खाच कापलेली असते, ती बरोबर त्या उंच भागावर यायला हवी. उलटा बसवलात तर बूड तिरकं राहतं, गाभ्याला टेकत नाही, आणि चालू केल्यावर काही सेकंदांत खेळ खलास. गाभा उघडा आहे, झाकण नाही, तेव्हा हीटसिंक सरळ वरून ठेवा, सरकवत आणू नका, कोपरे उडतात. क्लिप दाबायला चपटा स्क्रू ड्रायव्हर लागतो. तो घसरला तर बोर्डावरच्या तारा कापतो. त्या बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा.

क्लिप तीन कानांची असेल तर तिन्ही कानांत अडकवा. एका कानावर भार दिला की जुन्या सॉकेटचा कान तुटतो, आणि मग काहीही केलं तरी तो बसत नाही.

पेस्ट फक्त गाभ्यावर, पातळ. बाजूच्या हिरव्या किंवा तपकिरी भागावरच्या बारीक पुलांवर चांदीमिश्रित पेस्ट नको.

हीटसिंक काढलाच आहे तर सॉकेटभोवतीचे कपॅसिटर बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं, तडकलेलं किंवा तपकिरी खरपुडी आलेलं दिसलं तर १६६ चा विचार सोडा, आधी ते बदला. सहसा ६.३ व्होल्ट, ३३०० मायक्रोफॅरडचे असतात. तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे, लो ईएसआर, १०५ अंशाचे घ्या. साधे घेतलेत तर महिन्याभरात पुन्हा तेच. काढण्याआधी ऋण बाजू कुठे आहे त्याचा फोटो काढा. ग्राउंडच्या भोकातलं कथील २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नला दाद देत नाही, ६० वॅटचं लागतं. भोक ओढून काढू नका, आतल्या थराचा संबंध तुटतो.

मधली_आळी

जंपर सापडला. एजीपी स्लॉटच्या वर, तक्ता धुळीखालीच होता: १-२ म्हणजे १००, २-३ म्हणजे ऑटो. कपॅसिटर सपाट आहेत. हीटसिंक नव्याने बसवला.

ऑटोवर टाकल्यावर चालू होताना 'ॲथलॉन एक्सपी २५००+' असं नाव आलं आणि १८३३. बायोसमध्ये आता १६६ पासून पुढचे आकडे दिसतात. तक्त्यात १३३ ची जागाच नव्हती म्हणून ती पायरी गाळली. मेमटेस्टमध्ये पाचव्या चाचणीत चार-पाच चुका. शिवाय प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) लावला की मशीन काही मिनिटांत फटकन रीसेट होतं, निळा पडदा वगैरे नाही.

शर्वरी_न

हे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र करू नका.

मेमटेस्टची पाचवी चाचणी रॅमवर सलग मोठे ब्लॉक हलवते, तिथे चुका म्हणजे बहुधा टायमिंग किंवा व्होल्टेज. बायोस एसपीडी वाचून सीएल (रॅमच्या उत्तराला लागणारे ठोके) २ घेतोय का बघा. पीसी२७०० ला २.५ द्या. तरी चुका आल्या तर डीरॅम व्होल्टेज २.५ वरून २.६. त्यानंतर एकेक काडी वेगवेगळी तपासा. एकीतच चुका येत असतील तर ती काडी १६६ ची नाही, वर लेबल काहीही असो. दुसरी सापडेपर्यंत डीरॅम क्लॉक १३३ ठेवता येतो, व्हीआयए चिपसेट बस १६६ आणि रॅम १३३ असं चालवू देतो. वेगात थोडा फटका बसतो, पण मशीन स्थिर राहतं.

चूक न दाखवता फटकन रीसेट होणं हा विजेचा प्रकार वाटतो. कथीलवाला सांगतील.

कथीलवाला

बोर्डावर २० पिनी मोठ्या कनेक्टरशिवाय चौकोनी ४ पिनी १२ व्होल्टचा कनेक्टर आहे का?

मधली_आळी

नाही. फक्त २० पिनी.

कथीलवाला

मग कारण तेच. हा बोर्ड प्रोसेसरसाठी वीज ५ व्होल्टच्या तारांतून घेतो. त्या काळी तसंच असायचं. हिशेब बघा: ६८ वॅट प्रोसेसरला, रेग्युलेटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बोर्डाला ८५ वॅट लागतात. ८५ ÷ ५ = १७ अँपिअर, नुसत्या प्रोसेसरचे. त्यात हार्ड डिस्क, रॅम, कार्डं वेगळीच. ११०० वर हाच आकडा १० च्या आसपास होता, म्हणून तेव्हा तक्रार नव्हती.

आजचा ४५० वॅटचा एसएमपीएस आपली जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर ठेवतो. ५ व्होल्टवर बहुतेकदा १५ ते २० अँपिअरच लिहिलेले असतात, आणि ३.३ व ५ मिळून साधारण १०० ते १२० वॅटची सीमा. मोठा वॅटचा आकडा बघून समाधान मानू नका, लेबलवर '+५ व्होल्ट' समोर काय लिहिलंय ते वाचा.

मोजून खात्री करा: मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी वायर हार्ड डिस्कच्या रिकाम्या ४ पिनी कनेक्टरच्या काळ्या तारेत, लाल वायर लाल तारेत. डेस्कटॉपवर काय येतं आणि प्राइम९५ लावल्यावर काय येतं ते सांगा. मर्यादा ४.७५ ते ५.२५. बायोसमधला आकडा नको, तो सेन्सर दहा-वीस मिलिव्होल्टांनी नाही, कधीकधी पाव व्होल्टानेही चुकतो.

मधली_आळी

नुसतं डेस्कटॉपवर ४.९३. प्राइम९५ लावल्याबरोबर ४.७१ आणि रीसेट. लेबलवर +५ व्होल्ट समोर १५ अँपिअर.

रॅमचं झालं: सीएल २.५ केलं आणि मेमटेस्टच्या चुका गेल्या. व्होल्टेज वाढवावं लागलं नाही.

कथीलवाला

१५ अँपिअरच्या एसएमपीएसकडून १७ ची अपेक्षा. २००२-०३ च्या काळातला, ५ व्होल्टवर ३० अँपिअर देणारा घ्या. जुन्या सामानाच्या दुकानात ढिगाने पडलेले असतात, पण घेण्याआधी आतले कपॅसिटर जाळीतून टॉर्च मारून बघा आणि वजन करा. हलका डबा आणि लेबलवर ३५ अँपिअर, तर लेबल थापा मारतंय. अशा जुन्या एसएमपीएसमध्ये फुगलेले कपॅसिटर बोर्डालाही घेऊन बुडतात, म्हणून आधी बोर्डाशिवाय, एखाद्या जुन्या हार्ड डिस्कचा भार देऊन व्होल्टेज मोजा. हिरवी तार काळीला जोडली की तो चालू होतो.

तोवर मशीन वापरायचंच असेल तर जंपर परत १०० वर. हळू, पण ५ व्होल्टवर ताण नाही.

नर्मदेकाठी

माझ्या एनफोर्स२ बोर्डावर जंपर नाहीच, बस बायोसमध्ये १६६ लावतो. दोन-तीन दिवस मशीन बंद राहिलं की परत १०० आणि ११००. विंडोजमध्ये तारीखही मागे जाते. हेही पॉवरचं का?

उत्तरपूल

नाही, तारीख मागे जातेय म्हणजे सीआर२०३२ ची बॅटरी. मशीनला वायर नसताना बॅटरीवर मोजा, २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. सीमॉस पुसला गेला की असे बोर्ड मुद्दाम १०० वर उठतात, म्हणजे काहीही प्रोसेसर असला तरी निदान पडदा दिसतो.

तारीख बरोबर राहून फक्त बस १०० ला येत असेल तर कारण वेगळं. मागच्या वेळी मशीन सुरू होताना अडलं आणि बोर्डाने स्वतःहून माघार घेतली. तेव्हा रॅम किंवा पॉवर बघायची. अवॉर्ड बायोसमध्ये इन्सर्ट दाबून ठेवून चालू केलं तरी हेच होतं, कीबोर्डवर काही पडलेलं नाही ना तेही बघा.

नर्मदेकाठी

२.४१ व्होल्ट निघाली. बदलतो. अजून एक, बायोस अपडेट करावा का? चालू होताना 'अननोन सीपीयू' येतं, पण वेग १८३३ बरोबर आहे.

शर्वरी_न

वेग, कॅश ५१२ आणि व्होल्टेज बरोबर असेल तर निव्वळ नावासाठी करू नका. करायचाच असेल तर तुमच्या बोर्डाच्या नेमक्या रिव्हिजनची फाइल, डॉसच्या फ्लॉपीवरून, आधी जुना बायोस साठवून. बस त्यावेळी १०० वर ठेवा. आणि यूपीएस नसेल तर लाइट जाण्याच्या वेळा सोडून. अर्धवट लिहिलेली चिप बाहेर काढून प्रोग्रॅमरवर लावावी लागते.

मधली_आळी

एसएमपीएस बदलला, +५ व्होल्टवर ३० अँपिअरचा. भार देऊन ४.९६. प्राइम९५ रात्रभर चालला, बायोसच्या सेन्सरवर ५७ अंश. सीपीयू-झेड: फॅमिली ६, मॉडेल ए, ×११, बस १६६.७, १८३३.

पण हार्ड डिस्क भयंकर हळू आहे. ११०० वर होती त्यापेक्षाही. फाइल कॉपी करताना माउससुद्धा अडखळतो.

उत्तरपूल

१३२ चा प्रसाद आहे तो. ४४ मेगाहर्ट्झच्या पीसीआयवर डिस्कशी बोलताना चुका झाल्या असणार, आणि विंडोज एक्सपी एका मर्यादेपलीकडे चुका मोजल्या की त्या चॅनेलचा डीएमए (डिस्क थेट रॅमशी बोलते तो वेगवान प्रकार) बंद करून पीआयओवर (प्रत्येक बाइट प्रोसेसरमार्फत, म्हणून हळू) आणते. वेग दुरुस्त झाला तरी ती आपणहून परत जात नाही.

डिव्हाइस मॅनेजर, आयडीई कंट्रोलर, प्रायमरी आयडीई चॅनेल, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. 'करंट ट्रान्सफर मोड' समोर पीआयओ दिसेल. तो प्रायमरी आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट. विंडोज नव्याने ओळखेल आणि अल्ट्रा डीएमए घेईल. केबल ८० तारांची आहे ना? ४० तारांची असेल तर मोड २ च्या वर जाणार नाही.

मग चेकडिस्क /आर लावून ठेवा. फाइल सिस्टिममध्ये तुकडे पडले असतील तर ते गेम ऐन वेळी बंद पडायला पुरेसे आहेत, आणि तेव्हा तुम्ही पुन्हा जंपर चाळत बसाल.

मधली_आळी

पीआयओच होता. आता अल्ट्रा डीएमए ५. चेकडिस्कने विंडोजच्या फोल्डरमधल्या काही फाइली दुरुस्त केल्या, म्हणून विंडोज नव्यानेच टाकतोय. एजीपी स्लॉटजवळच्या त्या तक्त्याचा फोटो खाली देतो, याच चिपसेटचे बोर्ड इतरांकडेही असतील.

कथीलवाला

फोटो दिलात हे बरं केलंत. जंपर ऑटोवर असताना तिसरी पिन मोकळी दिसतेय, म्हणजे टोपी २-३ वर नीट खाली गेलेली नाही, अर्धी वर आहे. मशीन बंद करून दाबून घ्या. सैल टोपीने हा बोर्ड एखाद्या दिवशी पुन्हा १०० धरेल.